अंगठ्याखालचं तांबं

इमारतीचा पंप बंद पडला की वॉचमन त्याच्याकडे येई, कारण तो वीजकंपनीत होता. वीजकंपनीत तो तक्रार खात्यात टेलिफोनवर बसे आणि लोकांचं ऐकून घेई, एवढंच त्याचं विजेशी अधिकृत नातं. पण हे वॉचमनला सांगून उपयोग नव्हता. दवाखान्याच्या फाटकावर बसणाऱ्यालाही लोक गोळी विचारतातच. तर सुटीच्या दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जिन्याखालच्या पंपाच्या खोलीत उतरला, भिंतीवर नव्याने बसवलेल्या करड्या पेटीचं झाकण त्याने काढलं, आणि काढलेलं झाकण हातात तसंच धरून उभा राहिला. आत एक हिरवा सर्किट बोर्ड होता. कारखान्यात छापलेला, गुळगुळीत. टाकी भरली की पंप बंद करायचा, रिकामी झाली की चालू करायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक रेघ सरळ जाता जाता उगाच खाली वळली होती, गळासारखी आकडी घेऊन परत वर आली होती, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेली होती. त्या आकडीचं तिथे काही काम नव्हतं. शहाण्या माणसाने ती तिथे काढली नसती. ती तिथे का आहे हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक माणूस या क्षणी वर भांडी घासत होतं.

"काय झालं साहेब?" वॉचमन मागे सरकत म्हणाला. "साप-बीप आहे का आत?"

"नाही. नातेवाईक आहे."

पंपाला काहीही झालेलं नव्हतं. एक वायर सैल झाली होती. त्याने ती आवळली, पंप घरघरला, वॉचमनने आभार मानले. झाकण परत लावताना त्याने वरचं लेबल वाचलं. हसऱ्या चेहऱ्याचा पाण्याचा थेंब, आणि खाली मेहुण्याच्या कंपनीचं नाव. जिना चढताना त्याला ती संध्याकाळ आठवत गेली, एकेका पायरीला एकेक तुकडा. जुन्या भाड्याच्या खोलीतलं जेवणाचं टेबल, त्यावर तांब्याचा पत्रा चढवलेला कोरा बोर्ड, हातात पक्क्या शाईचं पेन. बोर्डावर हाताने रेघा ओढायच्या, मग तो तपकिरी पाण्यात टाकायचा. शाई नसेल तिथलं तांबं ते पाणी खाऊन टाकतं आणि शाईखालच्या रेघा उरतात. श्वास रोखून तो शेवटची रेघ ओढत असताना बायको चहा घेऊन आली, "अहो, सरका जरा," म्हणाली, आणि तिचं कोपर त्याच्या कोपराला लागलं. पेन घसरलं ते सरळ खाली. त्याने पुटपुटत रेघ वळवून परत वर आणली. खरवडायला हवी होती, पण विजेला वळणाचं काही वाटत नाही, ती कुठूनही जाते. आकडी राहिली. बोर्ड चालला, गच्चीवरच्या टाकीला तो बसवला, आणि सबंध चाळीत पहिल्यांदाच टाकी वाहून जायची थांबली. मग मेहुणा आला. "भावजी, मला द्या की. एकाला नुसता दाखवून आणतो." काही महिन्यांनी त्याने विचारलं तेव्हा मेहुणा म्हणाला, "अहो, तो होय? तो जळाला." त्यानंतर मेहुण्याने कंपनी काढली, आणि "आमच्या इंजिनिअरांनी यावर वर्षभर डोकं झिजवलंय भावजी," असं तो घरी येऊन सांगू लागला. ते त्याने खरं मानलं होतं. नातेवाइकांचं माणूस जितपत खरं मानतं तितपत, म्हणजे ते समोर बसलेले असतात तोवर. पण वर्षभर डोकं झिजवलेल्या इंजिनिअरांनी घसरलेलं पेनसुद्धा उतरवून घेतलं होतं. चोरीपेक्षा हेच त्याला जास्त लागलं. चोराने दागिने न्यावेत. कोपऱ्यातला केरही उचलून नेला आणि शहरभर प्रत्येक जिन्याखाली नेऊन मांडला, याला काय म्हणायचं?

"तुझ्या भावाने माझा बोर्ड ढापलाय," तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. आकडीसकट सगळं सांगितलं. बायकोने नळ बंद केला, हात पुसले, सगळं नीट ऐकून घेतलं. बायका ऐकून घेतात तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो.

"मग?" ती म्हणाली. "घरातच राहिली ना वस्तू."

"घरात? शहरात राहिली. प्रत्येक इमारतीत."

"तुम्ही काय केलं असतं तिचं? कपाटात ठेवली असती. त्याने चार माणसांचे संसार उभे केले त्यावर." तिने परत नळ सोडला. "आणि ती आकडी माझी आहे. तुमची नाही."

तो न्हाणीघरात गेला आणि कडी लावून स्टुलावर बसला. ही त्याची प्रयोगशाळा. खिडकीच्या फळीवर पसरट प्लास्टिकचे ट्रे, तपकिरी पाण्याची बाटली, कथलाच्या पाण्याची बाटली, जुने टूथब्रश, लाकडी चिमटे. इथेच बोर्डाला कल्हई व्हायची. कल्हई हा त्याचा शब्द. मेहुणा 'टिन प्लेटिंग' म्हणे. त्याच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला बसायचा, आणि आईने त्याला एकच गोष्ट शंभरदा सांगितली होती, की कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही, कळकतं. कळकलेलं ताक दिसतं ताकासारखंच. हिरवट झाक असते, पण ती शोधणाऱ्यालाच दिसते. पहिल्या घोटाला फक्त जिभेच्या मुळाशी एक धातू उभा राहतो. त्याला आता वाटलं, आपण इतकी वर्षं हेच तर करत आलो. वरून हसरा मुलामा, आत आंबट ठेवलेलं. मेहुणा घरी यायचा, सोफ्यावर पाय पसरायचा, "भावजी, तुमच्यासारखा हात नाही बुवा कुणाचा," म्हणायचा, आणि आपण त्याला चहा द्यायचो. मुलामा कधी उडाला ते कळलं नव्हतं. आज नुसती चव कळली.

या स्टुलावर कधीकाळी मेहुणाही बसला होता. परीक्षेत नापास होऊन बहिणीकडे राहायला आला तेव्हा, मिसरूड फुटलेला, दिवसभर काही न करता सगळ्याची चेष्टा करणारा. काहीतरी शिकेल म्हणून त्याला जुन्या खोलीच्या मोरीत याच स्टुलावर बसवलं. पहिला धडा दिला तो हा: तांबं घासणीने घासून लख्ख केलं की मग बोर्ड कडेनेच धरायचा. तांब्याला बोट लावायचं नाही. बोटाला तेल असतं, घाम असतो. तिथे कथील धरत नाही. सगळा बोर्ड चांदीसारखा होतो आणि बोटाचा ठसा तेवढा तांबडा राहतो, मग काळा पडतो. मेहुण्याने "हो भावजी" म्हटलं आणि लगेच बोट टेकवलं. त्याने मेहुण्याच्या हातावर फाडकन चापट मारली होती. ती चापट आठवून त्याला आता, कडी लावलेल्या न्हाणीघरात, जिवाला बरं वाटलं. आणखी दोन मारायला हव्या होत्या.

सूड घ्यायचा हे ठरवायला त्याला वेळ लागला नाही. कसा, हे मात्र सुचेना. वकील? वकील म्हणाला असता, पुरावा काय? हा म्हणाला असता, बायकोचं कोपर. ऑफिसात टेलिफोनवर लोक तक्रार करत राहिले, तो "हो, हो, नोंद घेतली" म्हणत राहिला, आणि मनात मेहुण्याला वेगवेगळ्या तऱ्हांनी खाली आणत राहिला: लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सासऱ्यांच्या फोटोसमोर. सगळ्यात चमत्कारिक तक्रार असायची ती कधीकधीवाल्यांची. "साहेब, लाइट कधीकधी जातात." कधी? "तेच तर कळत नाही." अशा माणसांवर कुणाचा विश्वास नसतो. दुरुस्ती करणारा जातो तेव्हा लाइट असतात. तो परत फिरतो, लाइट जातात. बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं. कधीकधी बंद पडणाऱ्या यंत्राबरोबर माणसाला संसार करावा लागतो.

आणि मग मेहुणा स्वतःच आला, पिशवीभर सफरचंदं घेऊन. मेहुणा कधीच काही आणत नसे. फळं पाहून बायकोने आधी कोण आजारी आहे असं विचारलं.

"भावजी, एक काम होतं. तुमच्याशिवाय होणार नाही." तो पुढे सरकून बसला. नवं मॉडेल तयार होतं, एका बड्या बिल्डरला ते प्रत्यक्ष चालवून दाखवायचं होतं, आणि बोर्ड छापणाऱ्या कारखान्यात संप झाला होता. "एकच बोर्ड हवाय. हाताने केलेला चालेल. दिसायला मात्र चकचकीत हवा. तुमची ती कल्हई, ती करा मस्तपैकी."

"तुमचे इंजिनिअर?"

"अहो, ते कॉम्प्युटरवरचे. त्यांना पेन धरता येत नाही."

"पेन घसरतं कधीकधी," तो म्हणाला.

मेहुण्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. एकतर त्याला काही समजलं नव्हतं, किंवा त्याच्यावरचा मुलामा उत्तम प्रतीचा होता. बायको आतून सफरचंद कापून घेऊन आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. "करेन की," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की तिने बशी जरा जोरातच ठेवली.

त्याने आयुष्यात इतका सुंदर बोर्ड केला नव्हता. सुडाने हात थरथरतो असं लोक म्हणतात. त्याचा हात देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखा स्थिर होता. रेघा केसासारख्या, वळणं गोलसर, आकडी नाही. तपकिरी पाण्यातून बोर्ड निघाला, शाई पुसली, घासणीने तांबं असं घासलं की त्यात न्हाणीघराचा दिवा दिसू लागला. बाहेरून बायको म्हणाली, "माझी घासणी परत नेलीत ना?" बोर्डाच्या एका कडेला पट्ट्यांची रांग होती. बोर्ड पेटीतल्या खाचेत घुसला की या पट्ट्यांतूनच सगळी वीज आतबाहेर करणार. खाचेत गेल्यावर त्या कुणाला दिसणार नव्हत्या. त्याने उजव्या हाताचा अंगठा कपाळावरून फिरवला, मग केसांतून, तेल लागलेल्या, मागच्या बाजूच्या दाट केसांतून. आणि तो अंगठा त्या पट्ट्यांवर टेकवला, सावकाश, दाबून, मृत्युपत्रावर टेकवतात तसा.

मग बोर्ड कथलाच्या पाण्यात सोडला. तांबडी रेघ न् रेघ करडी होत गेली, मग फिकट, मग चांदी. त्याला हे बघायला नेहमीच आवडायचं. कुठलाही आवाज न करता एक धातू दुसऱ्याच्या जागी येऊन बसायचा, घरात जावई येऊन बसतो तसा. सगळीकडे चांदी झाली. अंगठा तेवढा तांबडाच राहिला, वळ्यावळ्यांनी, मधल्या भोवऱ्यासकट. पट्ट्या बारीक होत्या, त्यामुळे आज तो दिसत होता तो फक्त बोर्ड तिरपा धरला तर. पण दमट हवेत त्या वळ्या काळ्या पडणार होत्या, घामातलं मीठ पोखरत जाणार होतं, आणि एक दिवस मेहुण्याच्या नव्या मॉडेलने, भरलेल्या हॉलमध्ये, बड्या बिल्डरसमोर, कधीकधी चालायला सुरुवात करायची होती. का, ते कुणालाच कळणार नव्हतं. मेहुण्यालाही नाही, मेहुणा शिकलेलं विसरण्यात पहिल्यापासून पटाईत. आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी त्याने स्वतःलाही पुरती सांगितली नाही. मेहुण्याच्या यंत्रात आता कुठेतरी त्याची सही होती. आकडी बायकोची असेल. अंगठा त्याचा होता.

मेहुणा बोर्ड घेऊन गेला. जाताना दोन्ही हातांनी धरून, कडेने. हे त्याच्या लक्षात आलं, पण लक्षात राहिलं नाही. पुढचे आठवडे त्याने एखाद्या पोटुशीसारखे काढले. ऑफिसात, बसमध्ये, दाढी करताना त्याला आत कुठेतरी काहीतरी वाढत असल्याचं जाणवे. हवा दमट असली की बरं वाटे. एकदा जेवताना तो उगाच हसला. बायको म्हणाली, "काय झालं?" "काही नाही, हवा छान पडलीय." तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसतं कोंदट होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोर उंच काचेची टाकी, तिच्यावर भरल्याची खूण म्हणून लाल पट्टी, शेजारी छोटा पंप आणि ती पेटी. बाजू उघडी ठेवलेली, बोर्ड दिसावा म्हणून. दिव्याखाली बोर्ड असा चमकत होता की पुढच्या रांगेतले लोक त्याबद्दलच बोलत होते. तो बायकोशेजारी बसला, मांडीवर हात ठेवून. बिल्डर आला, लठ्ठ, कंटाळलेला, मोबाइलमध्ये बघणारा. मेहुण्याने माइक घेतला. पाण्याचं महत्त्व झालं, कंपनीची वाटचाल झाली. आता इंजिनिअर येणार, वर्षभर डोकं येणार, असं मनाशी म्हणत त्याने खुर्चीत डोळे मिटले.

"पण आज मला एक गोष्ट कबूल करायचीय," मेहुणा म्हणाला. "हे सगळं माझं नाही. पहिला बोर्ड या माणसाने केला, जेवणाच्या टेबलावर. मी तो घेऊन गेलो. आणि आजचा हा बोर्डही त्यांनीच केलाय, स्वतःच्या हाताने. माझे भावजी. ते समोर बसलेत."

लोक मागे वळून बघू लागले. टाळ्या झाल्या. इतके दिवस त्याने हे वाक्य मेहुण्याच्या तोंडी घालून पाहिलं होतं, पंगतीत, रांगेत, फोटोसमोर, आणि प्रत्येक वेळी मेहुणा ते रडत म्हणत असे. प्रत्यक्षात तो ते हसत म्हणत होता, आणि तरी छातीत ऊब पसरली, लाज वाटावी इतकी. बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. त्याच क्षणी, त्या उबेच्या तळाशी, जिभेच्या मुळाशी, एक धातू उभा राहिला.

"भावजी, या ना वर. बटण तुमच्याच हाताने दाबू या."

तो कसा उठला, खुर्च्यांमधून कसा गेला, हे त्याला आठवत नव्हतं. एवढंच कळत होतं की जे यंत्र कालपर्यंत मेहुण्याचं होतं ते आता, सगळ्यांच्या साक्षीने, त्याचं झालं आहे. त्याने बटण दाबलं. काहीही झालं नाही. परत दाबलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बिल्डरने मोबाइल खाली ठेवला आणि पहिल्यांदाच समोर पाहिलं.

"हे असं नेहमी होतं का?" बिल्डरने विचारलं.

"कधीकधी," तो म्हणाला. नकळत. पंचवीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्याने लोकांच्या तोंडून ऐकला होता, यंत्राबद्दल स्वतः उच्चारला आज.

मग त्याचा हात आपणहून पेटीत गेला. बोर्डाच्या मागे, खाचेपाशी, त्याने अंगठा लावला आणि पट्ट्या खाचेत घट्ट दाबल्या. पेटीवरचा दिवा लागला. पंप घरघरला. काचेच्या टाकीच्या तळाला पाणी आलं आणि टाळ्या परत सुरू झाल्या. त्याने अंगठा जरा सैल केला, घरघर अडखळली. त्याने परत दाबला. टाकी उंच होती आणि पंप लहान. तो यंत्राशेजारी वाकून, एक हात पेटीत घालून, बाळाच्या पाठीला हात लावून उभ्या असलेल्या नर्ससारखा उभा राहिला. खुर्च्यांत बायको हसत होती, अभिमानाने.

मेहुणा टाळ्या वाजवत जवळ आला. माइक त्याने खाली धरला होता.

"सकाळी बसवतानाच पाहिला मी," तो अगदी हळू म्हणाला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. "कडेच्या पट्ट्यांवर. एकदम चापट आठवली बघा. घासून काढणार होतो, घासणीसुद्धा घेतली होती हातात. मग म्हटलं, राहू दे. भावजींची सही आहे."

"मग माझं नाव कशाला घेतलंस?"

"म्हणूनच घेतलं. आता चाललं तर तुमचं, आणि नाही चाललं तरी तुमचंच." त्याने माइक वर घेतला आणि लोकांकडे वळला. "बघा मंडळी, भावजींचा हात लागल्याशिवाय माझं काहीही चालत नाही."

हॉल मनापासून हसला. बिल्डरही हसला, आणि शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी म्हणाला. पाणी निम्म्यावर आलं होतं. अंगठ्याला रग लागली होती. नखाखालून मनगटापर्यंत बारीक कळ जात होती. त्याला कळत होतं की आता नुसता अंगठा उचलायचा आहे. उचलला की पंप थांबेल, बिल्डर उठेल, मेहुण्याचं सगळं इथेच, या हॉलमध्ये, संपेल. इतके दिवस याचीच वाट पाहिली होती, आणि ते शेवटी अक्षरशः त्याच्या बोटाखाली आलं होतं. त्याने समोर पाहिलं. लोक टाकीकडे बघत नव्हते, त्याच्याकडे बघत होते. बायको शेजारच्या बाईला बोटाने दाखवत होती: ते, ते आमचे.

लाल पट्टी अजून बरीच वर होती. त्याने अंगठा आणखी दाबला.